खोट्या थॅचरबाई

परवा लेकीसोबत जुना बाँडपट बघत होतो, १९८१चा ‘फॉर युअर आईज ओन्ली’. शेवटी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर स्वयंपाकघरातून बाँडशी फोनवर बोलतात. पलीकडे असतो पोपट! तो मुका मागतो आणि बाई चक्क लाजतात.

लेक म्हणाली, “बाबा, या खऱ्या पंतप्रधान?”

नाही गं. या जॅनेट ब्राउन. जन्म १९२३, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळच्या रदरग्लेनचा. रेडिओ, रंगभूमी, टीव्ही सगळीकडे वावरलेल्या विनोदी अभिनेत्री. नवरा पीटर बटरवर्थ, ‘कॅरी ऑन’ चित्रपटांतला विनोदी नट.

जानेवारी १९७९मध्ये तो गेला. मे महिन्यात थॅचर पंतप्रधान झाल्या आणि त्यांची नक्कल करणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या जॅनेटबाईंचं नाव घराघरात पोचलं. नशीब कधी दार ठोठावेल, सांगता येत नाही.

मीही सोसायटीच्या गणपतीत नकला करतो, म्हणून सांगतो, हे काम अवघड होतं. थॅचरबाईंनी स्वतःच आवाजाची तालीम घेऊन पट्टी खाली आणली होती, बोलणं संथ केलं होतं. म्हणजे घडवलेल्या आवाजाची नक्कल! नवशिका नुसता आवाज पकडतो. जॅनेटबाईंनी मान, नजर आणि समोरच्याला समजावण्याचा तो ठाम सूरही उचलला. माझ्या मते बाँडपटातला तो छोटासा प्रसंग म्हणजे नकलाकारांसाठी शिकवणीच आहे.

आत्मचरित्राचं नावही झकास: ‘प्राइम मिमिकर’. २०११मध्ये, ८७व्या वर्षी त्या गेल्या.

नकलांबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा. आणि तुमच्या मते आपल्याकडच्या कुठल्या नेत्याची नक्कल सगळ्यात अवघड?