वकील लावायचा का? आधी दिवस मोजा, मग रुपये

ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार दाखल करायची फी शून्य रुपये आहे. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० आणि २० ते ५० लाखांसाठी १,०००. दिवाणी न्यायालयाचे समन्स हाती पडले, तर लेखी जबाब द्यायला ३० दिवस मिळतात. सबळ कारण असेल तर न्यायालय ते ९० दिवसांपर्यंत वाढवून देते. नागपुरात कोणत्याही घरी कोर्टाचे प्रकरण उपटले की पहिला प्रश्न असतो, वकील किती घेईल? माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. मुदतीचे किती दिवस उरलेत? आणि आज चूक झाली, तर ती पुढे दुरुस्त करता येईल का?

सोप्या प्रकरणापासून सुरुवात करू. समजा, सीताबर्डीच्या एका दुकानातून ४२,००० रुपयांचा एसी घेतला. तो दोन महिन्यांत बंद पडला आणि दुकानदार दाद देत नाही. वकिलाने १५,००० रुपये सांगितले असे धरू. हा आकडा फक्त हिशेबासाठी. १५ भागिले ४२ म्हणजे सुमारे ३६ टक्के. वकील न लावता जिंकण्याची शक्यता शंभरात ५० असेल, तर वकील लावल्यावर ती ८६ व्हायला हवी, तेव्हा कुठे त्याची फी वसूल होईल. बिल, वॉरंटी कार्ड, दुरुस्तीच्या तक्रारींचे क्रमांक आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश हाताशी असतील, तर एवढा फरक पडणे अवघड आहे. आयोग तक्रारीचा खर्च मंजूर करू शकतो, पण तो दिलेल्या फीइतका असेलच असे नाही.

इथे कायदाही सामान्य माणसाच्या बाजूने झुकलेला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी गुरुग्रामची असली तरी प्रकरण नागपूरच्या आयोगापुढे चालते. कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करायची असते. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. जिल्हा आयोगात हरलेल्या कंपनीला राज्य आयोगात अपील करायचे असेल, तर आदेशातल्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. ग्राहकाने वकील नसलेला प्रतिनिधी उभा केला तर चालते का, हा वाद मुंबईतच पेटला होता. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चालते असा निकाल दिला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. मराठी मुलखातल्या ग्राहकांनी लढून मिळवलेला हा हक्क आहे, तो वापरला पाहिजे.

काही दारे तर मुळातच वकिलाविना उघडी आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवे, आणि दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नागपुरातच आहे. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. २०२१ च्या त्या योजनेत वकिलामार्फत तक्रार करायला मनाईच आहे. कुटुंब न्यायालयात, १९८४ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती बहुतेक वेळा मिळते, आणि मुलांचा ताबा किंवा घराचा हिस्सा वादात असेल तर ती मागावीच.

आता दिवसांकडे वळू. दिवाणी दाव्यात मुदतीत जबाब गेला नाही आणि पेशीला कोणी हजर राहिले नाही, तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. तो रद्द करून घ्यायला ३० दिवस असतात. जिल्हा न्यायालयातले अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयातले ९० दिवसांत. चेक वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस द्यायचे आणि त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार करायची. यातली एक कडी निसटली की लाखाचा चेक असला तरी हा मार्ग अडतो. उशीर काही वेळा माफ करून घेता येतो, पण तेव्हा अर्जही जास्त लागतो आणि वकीलही. म्हणून मुदत महिन्याभराची असेल आणि समोर वकील उभा असेल, तर रक्कम लहान असली तरी निदान एकदा सल्ला घ्यावा, असे मी म्हणेन. फौजदारी प्रकरणात तर हिशेब मांडूच नये. अटकेची शक्यता असेल, तर वकील पहिल्या दिवसापासून हवा.

वकिलाने किती फरक पडतो हे सर्वांत स्पष्ट दिसते ते अपघाताच्या दाव्यात. एक काल्पनिक पण रोज घडणारे उदाहरण घेऊ. बुटीबोरीच्या एमआयडीसीत महिना १५,००० रुपयांवर काम करणारा ३२ वर्षांचा माणूस वर्धा रोडवर ट्रकच्या धडकेत गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी भरपाईचे गणित ठरवून दिले आहे. वय ४० च्या आत आणि पगार ठरावीक असेल, तर पुढच्या वाढीपोटी उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे: २१,०००. अवलंबून असलेले चार, म्हणून स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वयानुसार गुणक १६. एकूण ३०,२४,००० रुपये. अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची रक्कम याहून वेगळी.

आता हेच गणित विमा कंपनीच्या बाजूने पाहा. ४० टक्क्यांची वाढ कोणी मागितलीच नाही, तर आकडा २१,६०,००० वर येतो. एका ओळीमुळे ८,६४,००० रुपये गेले. पगाराचा पुरावा दाखल झाला नाही आणि न्यायाधिकरणाने उत्पन्न १०,००० धरले, तर वाढ मिळूनही हाती २०,१६,००० येतात. पगारपत्रक, बँकेच्या नोंदी, ठेकेदाराची साक्ष आणि कारखान्याचे हजेरीपत्रक शोधून दाखल करायचे काम शोकात बुडालेल्या घराकडून होत नाही, आणि त्या कामाची किंमत इथे दहा लाखांच्या घरात जाते. त्यात १ एप्रिल २०२२ पासून दावा करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या आशेवर कोणी थांबू नये.

लोक अदालतीत तडजोड झाली, तर तिथल्या निवाड्यावर अपील नाही. प्रकरण लवकर मिटते, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. थकलेल्या कुटुंबासाठी ही मोठी सोय आहे. पण विमा कंपनीने २१ लाखांचा आकडा पुढे केला आणि सही झाली, की वरचे ८ लाख कायमचे गेले. म्हणून सहीच्या आधीचा तासभर सल्ला मला सगळ्या दाव्यातला सर्वांत मोलाचा खर्च वाटतो.

याच दाव्यांत एक जुनी, वाईट रीत आहे. वकील म्हणतो, आत्ता काही देऊ नका, भरपाई आली की टक्क्यांत घेईन. १० टक्के म्हटले तर वरच्या उदाहरणात ३,०२,४०० रुपये. हे बेकायदा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत अशा फीला मनाई आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती व्यावसायिक गैरवर्तन ठरवली. फी टप्प्याटप्प्याने ठरवा आणि पावती घ्या. फी थकली म्हणून वकिलाला तुमची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हेही २००० सालीच ठरले आहे. मात्र १४ मे २०२४ च्या निकालानंतर वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडेच करावी लागते. म्हणून निवड करतानाच जास्त जपून राहायला हवे.

पैसा नाही म्हणून वकील नाही, हे तर बऱ्याच घरांत खरे असायचे कारणच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकिलाचा हक्क कुणाला? महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना, कोठडीत असलेल्यांना आणि औद्योगिक कामगारांना. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. शिवाय १ ऑक्टोबर १९९४ च्या शासकीय अधिसूचनेनुसार राज्यात पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. बुटीबोरीच्या त्या घरातली पत्नी, पगार कितीही असला तरी, मोफत वकिलाची हक्कदार आहे. तरी अशा किती जणी दागिने गहाण ठेवून वकिलाकडे जात असतील, या विचाराने मन अस्वस्थ होते.

मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, ही समजूत लोकांत घट्ट आहे. नागपुरातल्या जिल्हा न्यायालयातले विधी सेवा प्राधिकरण ज्यांची नेमणूक करते ते तिथेच वकिली करणारे असतात. नेमलेला वकील लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करून बदलून मागता येतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतून लोक येतात, तिथेही विधी सेवा उपसमिती आहे. तिथे स्वतः उभे राहायचे असेल, तर २०१५ च्या नियमांप्रमाणे आधी अधिकाऱ्यांची समिती तुम्ही बाजू मांडू शकता का ते तपासते. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल, तर १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक आहे. अर्जासोबत ओळखपत्र, प्रकरणाची कागदपत्रे आणि उत्पन्नाची अट लागू असेल तिथे उत्पन्नाचा दाखला लागतो. महिलेच्या अर्जाला तो दाखला जोडावा लागत नाही.