अवयव प्रत्यारोपण, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आणि कर्करोगाचा पुनरुद्भव

प्रस्तावना :
मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली संमत झाला आणि मेंदूमृत दात्याच्या अवयवांच्या प्रत्यारोपणास देशात कायदेशीर आधार मिळाला. पुणे व लगतच्या जिल्ह्यांत अशा अवयवांचे वाटप पुण्यातील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत प्रतीक्षायादीनुसार होते. या यादीत नाव नोंदवू इच्छिणाऱ्या रुग्णास पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, तर प्रत्यारोपणापूर्वी त्याने किती काळ थांबावे, हा कठीण प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

कारणमीमांसा :
परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या टी-पेशी कर्कपेशींनाही ओळखून नष्ट करतात. उपचारानंतर उरलेल्या मोजक्या कर्कपेशी वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात. सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही औषधे टी-पेशींना सक्रिय होऊ देत नाहीत. त्यामुळे नवा अवयव टिकतो, परंतु सुप्त पेशींवरील पहाराही सैल होतो. शिवाय, सायक्लोस्पोरिन कर्कपेशींच्या प्रसारक्षमतेत थेट वाढ करते, असे १९९९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले.

प्रतीक्षेचा काळ :
अमेरिकन शल्यचिकित्सक इस्रायल पेन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी कर्करोग झालेल्या मूत्रपिंड प्रत्यारोपित रुग्णांपैकी सुमारे २२ टक्के रुग्णांत तो उलटल्याचे दिसले. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांचे कर्करोगावरील उपचार प्रत्यारोपणापूर्वीच्या २ वर्षांतच झाले होते. यातूनच २ ते ५ वर्षे थांबण्याचा संकेत रूढ झाला. मात्र ही माहिती रुग्णालयांनी स्वेच्छेने कळविलेल्या नोंदींवर आधारलेली असल्याने ती टक्केवारी सर्वांना सरसकट लागू करता येत नाही.

थांबण्याचीही किंमत असते. डायलिसिसवरील प्रत्येक वर्षागणिक हृदयविकाराचा व मृत्यूचा धोका साचत जातो. म्हणूनच २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी कर्करोगाचा प्रकार व अवस्था यांनुसार भेद केला. मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगावर पूर्ण उपचार झाले असल्यास थांबण्याची गरज नाही. प्रगत अवस्थेतील स्तनाच्या कर्करोगानंतर मात्र किमान ५ वर्षे थांबावे, असे त्या सुचवितात.

यकृताचे वेगळेपण :
यकृताच्या कर्करोगात चित्र उलटे असते. येथे प्रत्यारोपण हाच कर्करोगावरील उपचार असतो आणि प्रतीक्षेत गाठ वाढून संधी निसटू शकते. १९९६ मध्ये मिलान येथील संशोधकांनी निकष मांडले : एकच गाठ असल्यास ती ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त ३ गाठी असून प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत असावी. त्यांच्या रुग्णांपैकी ७५ टक्के रुग्ण ४ वर्षांनंतर हयात होते.

औषधयोजना :
ईस्टर बेटावरील मातीतील जीवाणूपासून भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे केलेले रॅपामायसिन, अर्थात सिरोलिमस, प्रतिकारशक्ती दडपते आणि पेशींची वाढही रोखते. मूत्रपिंड प्रत्यारोपितांमध्ये त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा पुनरुद्भव त्यामुळे घटल्याचे २०१२ मध्ये दिसले. परंतु यकृताच्या कर्करोगात, २०१६ च्या मोठ्या चाचणीनुसार, ५ वर्षांपलीकडे असा लाभ टिकला नाही. कर्करोगावरील नवी इम्युनोथेरपी प्रतिकारशक्तीला जागे करते. त्यामुळे ती देताना प्रत्यारोपित अवयव नाकारला जाण्याचा धोका असतो. मूत्रपिंड निकामी झाले तर डायलिसिसचा आधार उरतो. यकृताला तसा पर्याय नाही.

निष्कर्ष :
सर्वांसाठी एकच प्रतीक्षाकाळ ठरविणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय नाही. यादीत नाव नोंदविण्यापूर्वीच कर्करोगतज्ज्ञ व प्रत्यारोपणतज्ज्ञ यांनी एकत्रित निर्णय घ्यावा, दोन्ही बाजूंचे धोके रुग्णास समजावून सांगावेत आणि पुढे अवयव टिकेल इतक्या किमान मात्रेवर औषधे ठेवून नियमित तपासण्या कराव्यात. पुनरुद्भवाच्या भीतीने रुग्णाने स्वतःहून औषधे बंद करणे मात्र घातक ठरते. त्यातून कर्करोग टळण्याची हमी मिळत नाही, आणि मिळालेला अवयव गमावण्याची शक्यता वाढते.