आपल्या मुलुखांतील ऊन पाण्याचे झरे

अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाचीं चित्रें पाहून मुलें आम्हांस विचारितात, "आपल्याकडे असें कांहीं नाहीं काय?" तें उद्यान सन १८७२ मध्यें राखून ठेवण्यांत आलें. तेथें जमिनीखालीं कांहीं मैलांवर अद्यापि अंशतः वितळलेला खडक असून त्याच्या उष्णतेनें दहा हजारांहून अधिक झरे, वाफारे व उसळते फवारे चालतात.

चंद्रपूर-गडचिरोलींत असा देखावा नाहीं. तथापि ऊन पाण्यासाठीं फार दूर जावयास नको. वर्धा नदी ओलांडून वणी तालुक्यांत गेलें म्हणजे कायर येथें असा झरा आहे. आणि पैनगंगेच्या बाजूस, किनवट तालुक्यांत, उनकेश्वर आहे. शरभंग ऋषींची व्याधि दूर व्हावी म्हणून श्रीरामानें बाण मारून उनकेश्वराचें पाणी काढिलें, अशी लोकांची श्रद्धा आहे.

आतां हें पाणी ऊन कशानें? आपला काळा दगड ज्वालामुखीचा, त्याचीच ऊब अजून उरली असावी, असें उत्तर हुशार मुलगाही देतो. पण तो लाव्हा सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. तो केव्हांच निवाला. खरें कारण निराळें आहे. पृथ्वीच्या पोटांत जसजसें खोल जावें तसतशी उष्णता वाढते. दर किलोमीटरास साधारण २५ ते ३० अंश. कोलारची सोन्याची खाण २००१ मध्यें बंद झाली. ती तीन किलोमीटरांहून खोल होती, व तळाशीं खडक हातास चटका देई. पावसाचें पाणी भेगांतून असेंच खोल मुरतें, तेथें तापतें, आणि वाट सांपडली कीं निवण्यापूर्वींच वर येतें. म्हणूनच झऱ्यांत तापमापक धरिला तर पौषांतला व वैशाखांतला आकडा फारसा भिन्न दिसूं नये. ही ऊब सूर्याची नव्हे. (सहलीस जाणाऱ्या मुलांनीं हा प्रयोग अवश्य करावा.)

वर्धा-प्राणहिता-गोदावरीचें खोरें हा फार प्राचीन काळीं खचलेला पट्टा होय. आपला कोळसा ह्यांतलाच, सिरोंचा तालुक्यांत वडधम येथें सांपडलेले दगड झालेले वृक्षही ह्यांतलेच; आणि पुढें तेलंगणांत मणुगुरूजवळ ह्याच पट्ट्यांत भोंक पाडतांना ऊन पाणी वर आलें.

ह्या पाण्यानें त्वचारोग जातात असें मानून पुष्कळ लोक स्नानास जातात. खरजेची खाज घटकाभर कमी वाटेल. पण कुष्ठरोग स्नानानें बरा होत नाहीं. आमच्या ह्या दोन जिल्ह्यांत तो अजून आढळतो, व त्याचें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. सहा महिने, फार तर वर्षभर घ्यावें लागतें. घरांत कोणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास पालकांनीं त्यास कुंडावर नेण्याआधीं दवाखान्यांत न्यावें. बधिर झालेल्या हातापायांस पाणी किती ऊन आहे हेंही कळत नाहीं, आणि पोळल्याचा फोड उठेपर्यंत रोग्यास पत्ता नसतो.