पटकीचे आंत्रविष आणि प्रतिबंधक लस

पटकीचे जंतू रक्तात शिरत नाहीत. ते लहान आतड्याच्या अस्तरास चिकटून राहतात. तरीही रोगी काही तासांत मृत्युपंथास लागतो. याचे कारण एखादे विष असावे, असा तर्क रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच केला होता. त्याचा प्रायोगिक पुरावा मिळण्यास मात्र पाऊण शतक लोटले. १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी जंतुरहित गाळणद्रव सशाच्या बांधलेल्या आंत्रखंडात घालून तेथे द्रव साचतो, हे दाखविले. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील दत्त, पानसे व कुलकर्णी यांनी सशांच्या पिल्लांवरील प्रयोगांतून असाच निष्कर्ष काढला.

या विषाचे दोन घटक आहेत. ‘ब’ घटकाच्या पाच उपखंडांमुळे विष पेशीस जखडते. ‘अ’ घटक आत शिरून चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढवितो. परिणामी क्षार व पाणी आतड्यात ओसंडू लागते.

विष हेच रोगाचे मूळ असेल, तर घटसर्प वा धनुर्वाताप्रमाणे निर्विष केलेले विष टोचणे पुरेसे व्हावे, असे सहज वाटते. परंतु १९७० नंतरच्या दशकात बांगलादेशात झालेल्या चाचणीत अशा लसीचे संरक्षण अल्प ठरले. टोचणीने निर्माण होणारी प्रतिपिंडे मुख्यत्वे रक्तात राहतात. रणभूमी मात्र आतड्याचा पृष्ठभाग ही होय. तेथे स्रावी प्रतिपिंडे हवीत आणि ती मुखावाटे दिलेल्या लसीने अधिक चांगली उत्पन्न होतात.

१९८५ मध्ये बांगलादेशातील मतलब येथे मृत जंतूंची मौखिक लस ‘ब’ घटकासह व त्याविना, अशी दोन्ही प्रकारे तपासली गेली. पहिल्या सहा महिन्यांत संरक्षण अनुक्रमे ८५ व ५८ टक्के आढळले. तीन वर्षांच्या हिशेबात मात्र दोन्ही लसी जवळजवळ सारख्याच ठरल्या. म्हणजे टिकाऊ संरक्षणाचा भार विषविरोधी प्रतिपिंडांपेक्षा जंतुविरोधी प्रतिपिंडांवर अधिक होता. शिवाय ‘ब’ घटक जठराम्लाने नष्ट होत असल्यामुळे त्यासोबत अल्कधर्मी द्रावण द्यावे लागते. २००९ मध्ये भारतात मान्यता पावलेल्या लसीत हा घटक नव्हता; कलकत्त्यातील चाचणीत तिने पाच वर्षांत ६५ टक्के संरक्षण दिले.

विषजनक एश्चेरिचिया कोलायचा प्रश्न अधिक बिकट आहे. त्याचे उष्णतेने नष्ट होणारे विष पटकीच्या विषासारखेच आहे. परंतु उष्णतेस टिकणारे दुसरे विष इतके लहान असते, की त्याविरुद्ध प्रतिपिंडे सहसा निर्माणच होत नाहीत. त्यातच आतड्यास चिकटण्याची त्याची साधनेही अनेकविध आहेत.

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी सुईविना पाजता येणारी लस सोयीची खरी. तथापि तिचे संरक्षण अपुरे व मुदतीचे असल्याने शुद्ध पाण्याची जागा ती घेऊ शकत नाही.