ताटातील गैरसमज आणि वावरातील पीक

कळंब तालुक्यातील एका गावी खरीपपूर्व सभेत ज्वारीचा विषय निघाला. एक बाई म्हणाल्या, "ज्वारी पेरायला हरकत नाही सर, पण पाहुण्यांच्या ताटात भाकर वाढायची लाज वाटते." ज्वारीचे क्षेत्र कमी होण्याची इतर कारणे आपण नेहमी बोलतो. रोही-रानडुकरांचा त्रास आहे, काढणीला मजूर मिळत नाही, सोयाबीनला रोख पैसा येतो. पण आहाराबद्दलचे गैरसमजही पीक ठरवतात, हे त्या बाईंमुळे ध्यानात आले. असे काही गैरसमज येथे पाहू.

गैरसमज १ : ज्वारी हे गरिबाचे, हलके धान्य आहे

या समजाला इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो आला. त्याआधी १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. उत्पादन वाढले, पण भाकरीची चव अनेकांना रुचली नाही आणि पावसात सापडलेला दाणा काळा पडू लागला. पुढे रेशनवर गहू-तांदूळ सहज मिळू लागला, तशी गव्हाची पोळी प्रतिष्ठेची झाली.

वस्तुस्थिती अशी आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व ३५० कॅलरी असतात. गव्हाच्या पिठात प्रथिने १२ ग्रॅम आणि कॅलरी जवळपास तितक्याच. पॉलिश केलेल्या तांदळात प्रथिने ७ ग्रॅमच्या आतच भरतात आणि लोहही ज्वारीपेक्षा बरेच कमी असते. म्हणजे ज्वारी गव्हाच्या पंगतीत बसते व पांढऱ्या तांदळापेक्षा सरस ठरते.

मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून 'ज्वारीने मधुमेह बरा होतो' असेही बोलले जाते. तेही खरे नाही. ज्वारीतही ७० टक्क्यांहून अधिक कर्बोदके आहेत. तंतुमय पदार्थांमुळे भाकर सावकाश पचते, एवढाच तिचा फायदा. तीच गोष्ट गुळाची. साखरेऐवजी गूळ घातला तरी मधुमेही माणसाच्या रक्तातील साखर वाढतेच.

गैरसमज २ : ताकद फक्त मटण-अंड्यात किंवा डब्यातल्या पावडरीत असते

अंडी व मांस यांतील प्रथिने उत्तम दर्जाची असतात. खाणाऱ्याने ती जरूर खावीत. पण ज्यांना ती परवडत नाहीत किंवा चालत नाहीत, त्यांनी हताश होण्याचे कारण नाही. ज्वारी-गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते तुरीच्या डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. भाकर आणि वरण एकत्र खाल्ले की दोघांची उणीव भरून निघते. अडचण अशी की आपल्याकडे भाकरी तीन आणि वरण पळीभर, तेही पातळ. सगळी तूर बाजारात विकून पुढे तीच डाळ पावशेर-पावशेर विकत आणली, की वरण पातळच होणार.

गैरसमज ३ : सोयाबीन हे कारखान्याचे पीक, घरात त्याचे काम नाही

१०० ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ४० ग्रॅम प्रथिने असतात. ते आपण पोत्यांनी पिकवतो आणि घरी दाणाही ठेवत नाही. मात्र ते कच्चे दळून खाऊ नये. कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारा घटक असतो, तो उष्णतेने नष्ट होतो. म्हणून पुढीलप्रमाणे करावे.

१) स्वच्छ निवडलेले १ किलो सोयाबीन ३ लिटर उकळत्या पाण्यात टाकून २० ते २५ मिनिटे उकळावे.
२) पाणी काढून टाकावे व दाणे उन्हात खडखडीत वाळवावेत.
३) ९ किलो गहू किंवा ज्वारीत हे १ किलो सोयाबीन मिसळून दळावे.

बीजप्रक्रिया केलेले, पेरणीतून उरलेले बियाणे कोणत्याही परिस्थितीत यासाठी वापरू नये. धुऊनही ते खाण्यायोग्य होत नाही.

गैरसमज ४ : रानभाजी खाणे म्हणजे दारिद्र्य

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. दुसरीकडे तरोटा, चिवळ, अंबाडी, शेवग्याचा पाला या लोह व चुना देणाऱ्या भाज्या धुऱ्यावर वाळून जातात. भाजीतील लोह अंगी लागण्यासाठी जेवणात लिंबू किंवा आवळा असावा. चहा जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेऊ नये, कारण चहातील टॅनिन लोह अडवते. तासाभराचे अंतर ठेवावे.

दोन सूचना आहेत. फवारलेल्या पऱ्हाटीच्या कडेची भाजी तोडू नये. तसेच प्रत्येक रक्तक्षय आहाराने जात नाही. विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. तेव्हा थकवा सतत राहत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

गैरसमज ५ : फवारणीनंतर दूध प्यायले, गूळ खाल्ला की विष उतरते

हा गैरसमज सर्वांत घातक आहे. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दूध, गूळ किंवा तूप हा कीटकनाशकावरचा उतारा नाही. काही कीटकनाशके स्निग्ध पदार्थांत विरघळतात, त्यामुळे दूध-तुपाने ती शरीरात अधिक शोषली जाण्याचा धोका असतो. शिवाय 'दूध प्यायलो, आता बरे वाटेल' म्हणून माणूस घरीच पडून राहतो आणि मोलाचे तास निघून जातात. विष बहुधा त्वचेतून व श्वासातून जाते, म्हणून संरक्षक कपडे, हातमोजे व तोंडावर मास्क हवा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. काम संपताच साबणाने अंघोळ करून कपडे बदलावेत. मळमळ, चक्कर, डोळ्यांसमोर अंधारी, जास्त घाम किंवा लाळ सुटणे यांपैकी काही दिसले तर औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

मग वावरात काय करावे?

पाच माणसांच्या कुटुंबाला रोज माणशी २५० ग्रॅम ज्वारी धरली तर वर्षाला सुमारे साडेचार क्विंटल लागते. एकरी १० क्विंटल उत्पादन धरल्यास अर्धा एकर पुरे. कडबा मिळतो तो वेगळा. एकट्याने पेरल्यास पाखरे व रोही तेच वावर साफ करतात, म्हणून शेजाऱ्यांनी मिळून एकाच चकात, एकाच वेळी पेरावी. दाण्याच्या टोकाशी काळा ठिपका दिसला की पीक परिपक्व झाले. तेव्हाच कापणी करून कणसे वाळवल्यास दाणा काळा पडण्याचे नुकसान टळते. बुरशी आलेला दाणा खाण्यात घेऊ नये.

रोज माणशी ६० ग्रॅम डाळ धरली तर वर्षाला ११० किलो लागते. त्यासाठी कपाशीतील तुरीच्या तासांची सुमारे दीड क्विंटल तूर विकण्याआधी बाजूला काढावी. धुऱ्यावर अंबाडी, तीळ आणि घराजवळ शेवग्याची दोन झाडे लावावीत. यासाठी नगदी पीक सोडावे लागत नाही.

खरिपाचे नियोजन करताना आपण बियाणे, खत आणि औषधाचा हिशेब मांडतो. यंदा त्याच वहीत आणखी एक ओळ लिहावी, घरासाठी ज्वारी किती आणि तूर किती. ती ओळ घरातील बाईला विचारून लिहावी, कारण डबा कधी रिकामा होतो हे तिलाच ठाऊक असते.