ओळख, मैत्री आणि नवी संपर्कसाधने : लालबागच्या संदर्भात एक भाषिक विवेचन

अपरिचित माणसाचा मित्र होणे ही घटना सामाजिक खरी. परंतु ती घडते मुख्यतः भाषेच्या द्वारा. कोणी कोणाला प्रथम काय विचारावे, कोणत्या सर्वनामाने संबोधावे, ‘ओळख’ कोठे संपली आणि ‘मैत्री’ कोठे सुरू झाली, यांविषयीचे संकेत प्रत्येक भाषिक समाजात ठरलेले असतात. गेल्या वीस वर्षांत भ्रमणध्वनीवरील ॲपे आणि समाजमाध्यमे यांनी नव्या ओळखी जुळवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर अंगावर घेतले आहे. या साधनांमुळे उपर्युक्त संकेतांचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विवेचनासाठी लालबागचा परिसर निवडला आहे. कारण अपरिचितांना परस्परांशी जोडणारी एक जुनी आणि सुस्थिर व्यवस्था तेथे दीर्घकाळ नांदत होती.

प्रथम शब्दसंपत्तीकडे पाहू. मराठीत ओळख, परिचय, घसट, सलगी, घरोबा, स्नेह, दोस्ती, मैत्री असे अनेक शब्द आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. ‘त्यांची माझी ओळख आहे’ असे म्हणणारा मनुष्य ‘घरोबा आहे’ असे म्हणेलच असे नाही. ‘घसट’ या शब्दात किंचित संशयाची छटा आहे, तर ‘घरोबा’ या शब्दात दोन व्यक्ती नसून दोन कुटुंबे अभिप्रेत आहेत. यांतील काही शब्द बाहेरून आले. ‘दोस्त’ फार्सीतून, तर ‘सोबत’ हा शब्द मूळ अरबीतून. ‘मित्र’ शब्दाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. अवेस्ताच्या भाषेतील त्याच्या सजातीय शब्दाचा अर्थ ‘करार’ असा होतो आणि आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये मित्र या देवतेच्या मुळाशी कराराचीच कल्पना असल्याचे प्रतिपादन केले. मैत्रीच्या कल्पनेत विश्वासाचे बंधन आरंभापासून गृहीत आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

आता लालबागकडे वळू. मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, चिंचपोकळी, काळाचौकी या भागांत गिरण्यांची दाटी झाली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून कामगार येऊ लागले. त्यांतील पुष्कळजण कुटुंब गावी ठेवून एकटे येत. एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेल्या बैठकीच्या खोलीत नवागताला पथारीपुरती जागा मिळे. पाळ्या निरनिराळ्या असल्यामुळे तीच जागा दिवसा एकाच्या, तर रात्री दुसऱ्याच्या उपयोगी पडे. जेवणाची सोय खानावळीत होई. भजनी मंडळ, व्यायामशाळा आणि गणेशोत्सव मंडळ ही पुढची वर्तुळे होत. गणेश गल्लीतील उत्सव १९२८ पासून, तर लालबागच्या बाजारातील उत्सव १९३४ पासून चालू आहे.

या व्यवस्थेत कोणीही सर्वस्वी अपरिचित म्हणून प्रवेश करीत नसे. ‘हा आमच्या गावचा’ या एका वाक्याने त्याची ओळख करून दिली जाई आणि वाक्य उच्चारणारा मनुष्य त्याचा जणू जामीन होई. ‘गाव कुठलं?’ हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा नव्हता. त्याच्या उत्तरावरून ओळखीचा माणूस सापडतो का, याचा तो शोध होता. ‘गाववाला’ हा शब्द मैत्रीच्या आधीची पायरी दाखवतो : मैत्री अद्याप जमलेली नाही, परंतु ती जमण्यास आवश्यक तेवढा विश्वास उपलब्ध आहे.

तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची किंमत विसरता येणार नाही. गावाच्या पाठोपाठ जात विचारली जाई. गिरण्यांच्या विणखात्यात दलित कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. स्त्रियांच्या बाबतीतही चाळीची नजर जितकी संरक्षक तितकीच जाचक होती. जामीन देणारी व्यवस्था ज्यांना जामीन नाही त्यांना बाहेर ठेवते, हा तिचा अंगभूत दोष होय.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. अनेक चाळींतील कुटुंबे डोंबिवली, विरार, बदलापूरकडे पांगली. सामाईक गॅलरी गेली आणि तिच्याबरोबर निमित्तावाचून घडणाऱ्या भेटीही गेल्या. बंद दाराच्या सदनिकेत राहणारा आज लालबागेत आलेला तरुण शेजाऱ्याचे नाव जाणत नाही, यात त्याचा दोष नाही. ते नाव कळण्याचे स्थळच उरलेले नाही.

हे स्थळ पुरवण्याचा दावा नवी साधने करतात. २००४ च्या जानेवारीत सुरू झालेले ऑर्कुट भारतात फार लोकप्रिय झाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. २००४ मध्येच निघालेले फेसबुक २००६ च्या सप्टेंबरात सर्वांसाठी खुले झाले. व्हॉट्सॲप २००९ चे. समान आवडीच्या लोकांच्या प्रत्यक्ष भेटी ठरवणारे मीटअप २००२ पासून आहे, तर विवाह वा प्रणय यांचा हेतू न ठेवता केवळ मैत्री जुळवणारी सोय बंबल या ॲपने २०१६ मध्ये सुरू केली. या साधनांची कार्यपद्धती थोडक्यात अशी : मनुष्य आपले छायाचित्र, वय, ठिकाण आणि आवडीनिवडी नोंदवतो, गणकप्रणाली त्याच्यासमोर इतरांच्या नोंदी ठेवते, दोघांनी परस्परांस संमती दिली म्हणजे संवाद सुरू होतो. येथे ‘गाव कुठलं?’ हा प्रश्न अनिवार्य नाही. ज्यांना जुन्या व्यवस्थेने दाराबाहेर ठेवले, त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. मात्र पूर्ण नाव लिहिल्यास आडनाव दिसते आणि आडनावावरून जातीचा तर्क करण्याची सवय पडद्यापुढे बसल्याने जात नाही.

या साधनांनी भाषेत घडवलेला बदल तीन ठिकाणी स्पष्ट दिसतो. पहिला बदल क्रियापदाचा. मराठीत ओळख ‘होते’, मैत्री ‘जमते’ वा ‘जुळते’, गट्टी ‘होते’. ‘मैत्री करणे’ हा प्रयोग वर्ज्य नाही, परंतु अकर्मक प्रयोग अधिक स्वाभाविक वाटतो. कारण मैत्री नेमकी कोणत्या क्षणी झाली आणि ती कोणी केली, हे सहसा सांगता येत नाही. समाजमाध्यमांवरील कळींना मात्र कर्ता आणि क्षण दोन्ही लागतात : विनंती पाठवणे, स्वीकारणे, काढून टाकणे. मैत्रीचा असा स्पष्ट उच्चार यापूर्वी मुलांच्या बोलीतच होता. ‘कट्टी’ घेतली जाई आणि सोडलीही जाई. पण कट्टी तोंडावर जाहीर होई. म्हणूनच ती मिटवता येई. समाजमाध्यमांवर एखाद्याला रोधले असता त्यास तसे सहसा कळवले जात नाही. मौन हे रागाचे आहे, की कंटाळ्याचे, की केवळ विसराळूपणाचे, हे समजण्यास त्यास मार्ग उरत नाही.

दुसरा बदल सर्वनामांचा. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांचा अभ्यास करून त्यांच्या निवडीमागे सत्ता आणि समभाव अशी दोन तत्त्वे असल्याचे दाखवले. मराठीतील ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांनाही ते लागू पडते. चाळीत वय, नाते आणि मान दिसत असल्यामुळे निवड सोपी होती. ‘अहोजाहो’वरून ‘अरेतुरे’वर येणे हीच मैत्री जमल्याची खूण असे. पडद्यावरील अपरिचिताबाबत हा आधार नसतो. शिवाय मराठीत ‘तू राहतोस’ आणि ‘तू राहतेस’ असा लिंगभेद क्रियापदातच आहे. ‘तुम्ही राहता’ या रूपात तो लोपतो. ‘मी येतो’ वा ‘मी येते’ असे लिहिणारा प्रत्येक वाक्यात आपले लिंग नकळत घोषित करतो; इंग्रजीत हे टाळता येते. अपरिचिताशी पहिली काही वाक्ये इंग्रजीत लिहिण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिच्यामागे प्रतिष्ठेच्या कल्पनेइतकीच ही व्याकरणिक अडचणही असावी. ‘जेवण झालं का?’ या प्रश्नाची लोकप्रियताही येथेच समजते : त्यात सर्वनाम नाही, लिंग नाही, आणि आपुलकी मात्र आहे.

तिसरा बदल निरर्थक वाटणाऱ्या बोलण्याचा. माहिती देण्यासाठी नव्हे, तर केवळ संबंध राखण्यासाठी होणाऱ्या भाषणाकडे ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये लक्ष वेधले. गॅलरीतून जाताना ‘काय, निघालात का?’ असे विचारणे हे त्याचे उत्तम उदाहरण. निघालेला मनुष्य समोर दिसतच असतो. व्हॉट्सॲपवरील ‘सुप्रभात’च्या चित्रांची टिंगल होते, पण पांगलेल्या चाळकऱ्यांच्या गटात ती चित्रे गॅलरीतील त्या प्रश्नाचेच काम करतात. आज मनुष्य हयात आहे आणि आपली आठवण ठेवून आहे, एवढाच त्यांचा अर्थ, आणि तो थोडा नाही.

आता मुख्य प्रश्न : या साधनांतून मैत्री होते काय? कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार परिचिताचा साधारण मित्र होण्यास सुमारे ५० तासांचा, मित्र होण्यास सुमारे ९० तासांचा आणि जिवलग होण्यास २०० हून अधिक तासांचा सहवास लागतो. हे आकडे अमेरिकेतील आहेत. तरी त्यांवरून अंदाज बांधता येतो. बैठकीच्या खोलीत दररोज पाच तास सहवास घडला, तर २०० तास ४० दिवसांत पुरे होत. ॲपवरून ओळख झालेली दोन माणसे आठवड्यातून दोन तास भेटली, तर त्याच मजलेस १०० आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे लागतील. चार भेटींत जवळीक वाटेना म्हणून निराश होणाऱ्याने हा हिशेब ध्यानी घ्यावा. उणीव त्याच्या स्वभावात नसून तासांत आहे. समोर नव्या नोंदी सतत येत असल्यामुळे जुनी ओळख सोडून नवी धरण्याचा मोह होतो आणि तास कधीच साचत नाहीत.

यावरून व्यवहाराचा मार्गही सुचतो. ॲपचा उपयोग व्यक्ती शोधण्यापेक्षा पुनःपुन्हा भरणारा प्रसंग शोधण्यासाठी करणे अधिक फलदायी ठरते. ढोलपथकाचा सराव, गिर्यारोहकांचा गट, वाचकमंडळ यांत तीच माणसे ठराविक वारी भेटतात आणि तास आपोआप साचतात. जामिनाची उणीव मात्र स्वतःच भरून काढावी लागते. पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी, घरच्यांना कळवून व्हावी. प्रत्यक्ष भेटीपूर्वी पैशाची मागणी झाल्यास संबंध तेथेच थांबवावा. आणि आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सहांपैकी एक व्यक्ती एकाकीपणाने ग्रस्त असल्याचे नमूद केले आहे. तेव्हा नव्या साधनांची चिकित्सा करताना त्यांची थट्टा करून भागणार नाही. ती जे देतात त्यास मराठीत अचूक शब्द आहे, तो म्हणजे ‘ओळख’. त्यास ‘मैत्री’ हे नाव आधीच दिल्यामुळे अपेक्षा फसतात. ओळखीपासून घरोब्यापर्यंतच्या पायऱ्या मराठी भाषेने वेगवेगळ्या नावांनी जपून ठेवल्या आहेत. नव्या माध्यमात वावरणाऱ्याने आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे त्या नावांच्या आधारे ओळखले, तर त्याची फसगतही टळेल आणि पुढची पायरी चढण्याइतका धीरही त्यास राहील.