कोंबडी पिसे का टाकते?

दसरा-दिवाळीचा सुमार आला की खुराड्याजवळ पिसांचा सडा दिसू लागतो. कालपर्यंत अंडी देणारी कोंबडी बंद होते. मान उघडी पडते, शेपटी झडते. घरात कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं रोग आला. दृष्ट काढून पीस उगवत नाही, मिरच्या मात्र खर्च होतात! शेवटी बाजारच्या दिवशी ती कोंबडी मिळेल त्या भावाने जाते. आम्ही सांगतो, थोडे थांबा.

कोंबडी बहुधा वर्षातून एकदा जुनी पिसे टाकून नवी घेते. वर्ष-दीड वर्षाची झाली की हे सुरू होते. आपल्याकडे जूनमधला मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, तर डिसेंबरातला लहान दिवस सुमारे ११ तासांचा. उजेड कमी होऊ लागला की तिच्या शरीराला ते कळतं. आधी डोके-मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपटी, अशी पिसे गळतात.

पीस जवळजवळ सगळे प्रथिनाचेच असते. अंड्यालाही प्रथिन लागते. दोन्ही कामे एकदम कशी व्हायची? म्हणून दोन-तीन महिने अंडी थांबतात. या दिवसांत नुसत्या कोंड्या-कण्यांवर भागत नाही. शेंगदाण्याची पेंड, सुकट, वाळवी, जे मिळेल ते घालावे. पेंडीला बुरशी आली असेल तर ती उकिरड्यावरही टाकू नका, कोंबड्या तिथेच जातात. पुरून टाका. नवी पिसे काट्यासारखी फुटतात. त्यांत रक्त असते, धरले की दुखते. पोरांना तिच्या मागे धावू देऊ नये.

आणखी एक गोष्ट. जी कोंबडी लवकर पिसे टाकू लागते आणि महिनोन्महिने रेंगाळते, ती बहुधा कमी अंडी देणारी. जी उशिरा पण भराभर टाकते, ती चांगली. म्हणजे एकदम बोडकी झालेली, बघवत नाही अशी कोंबडी हीच पुष्कळदा घरातली उत्तम कोंबडी असते. आणि बाजारात आधी तीच जाते!

पिसे टाकणारी कोंबडी खाते-पिते, डोळे तरतरीत असतात. पण हिरवट हगवण लागली, तोंड उघडून श्वास घेऊ लागली, मान मुरडली, तर ती मानमोडी समजावी. तिला त्याच घटकेला वेगळी करावी आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवावे. मानमोडीवर औषध नाही, लस आहे. ती रोग यायच्या आधी द्यावी लागते.